शिकारीच्या चाकूला नवी मूठ कशी बसवायची

पातं अजून उत्तम, धार धरणारं, आणि तरी चाकू अडगळीत पडलेला. कारण एकच, मूठ गेली. लाकडाला तडा गेलेला असतो, पिना हलतात, मुठीच्या फटीतून गंजाचा तांबडा डाग बाहेर येतो. असा चाकू टाकून देऊ नका. नवी मूठ बसवणं घरी, साध्या हत्यारांनी जमणारं काम आहे. ड्रिल मशीन, एक सपाट आणि एक अर्धगोल कानस, लाकूड खरवडायची जाडी कानस, हॅकसॉ, चार क्लॅम्प, वेगवेगळ्या नंबरांचे पॉलिश पेपर आणि चांगलं इपॉक्सी (राळ आणि हार्डनर हे दोन भाग मिसळून वापरायचं चिकटद्रव्य) एवढ्यावर भागतं. बेल्ट ग्राइंडर असेल तर वेळ वाचतो, पण पहिली मूठ मी हातानेच करायला सांगेन. कानशीने लाकूड हळू जातं, आणि नवख्या माणसाला तो हळूपणाच वाचवतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनावर घ्या. मूठ किती वर्षं टिकणार हे चिकटवण्याच्या आधीच ठरलेलं असतं. पोलाद आणि लाकूड कोरडंच एकमेकांवर ठेवल्यावर मध्ये उजेड दिसत नसेल तर पुढचं सगळं सोपं आहे. दिसत असेल तर महागातलं महाग इपॉक्सीसुद्धा ती फट फक्त झाकेल. पाणी तिथूनच आत शिरेल.

चाकू जुना, दुर्मीळ किंवा नामांकित कारागिराचा असेल, तर हात लावण्यापूर्वी जाणकाराला दाखवा. मूळ मूठ काढली की संग्राहकांच्या लेखी अशा चाकूची किंमत घसरते, मग नवी मूठ कितीही सुंदर असो.

मूठ कोणत्या प्रकारची आहे?

मुठीच्या कडेने नजर फिरवा. पाठीकडून आणि पोटाकडून पोलादाची पट्टी शेवटपर्यंत दिसत असेल, तर पातं मुठीच्या पूर्ण आकारात मागपर्यंत गेलेलं आहे. याला फुल टँग म्हणतात. त्याच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या दोन पट्ट्या पिनांनी आणि इपॉक्सीने बसवलेल्या असतात. पोलाद कुठेच दिसत नसेल, तर पात्याची अरुंद शेपूट अखंड ठोकळ्याच्या आत गेलेली आहे. पहिलीच वेळ असेल तर फुल टँगचा चाकू निवडा, कारण त्यात प्रत्येक जोड डोळ्यांसमोर असतो. हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे. शेपटीच्या चाकूबद्दल पुढे थोडक्यात येईल.

जुनी मूठ काढताना

सगळ्यात आधी पातं बंद करा. धारेवर जाड पुठ्ठा दुमडून बसवा आणि वरून टेपचे चार-पाच वेढे द्या. हे आवरण काम संपेपर्यंत काढायचं नाही. मूठ घासताना माणसाचं सगळं लक्ष मुठीकडे असतं, पातं कुठे आहे याचं भान सुटतं, आणि हात कापतो तो तेव्हाच.

जुन्या मुठीचा आकार आवडत असेल तर काढण्याआधी ती कागदावर ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढून घ्या. जाडी तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवा: पुढे, मध्ये आणि मागे. हा कागद नंतर फार उपयोगी पडतो.

पिनांची डोकी पसरलेली असतील तर प्रत्येकीच्या मधोमध सेंटर पंचने खूण करा, पिनेपेक्षा किंचित मोठ्या बिटाने फक्त डोकं उडवा आणि उरलेली पिन पंचने ठोकून बाहेर काढा. आरपार ड्रिल करायची घाई नको. बिट सरकलं तर पोलादातलं भोक वेडंवाकडं होतं. पिना निघूनही पट्टी सुटत नसेल तर ती इपॉक्सीने धरलेली आहे. उष्णतेने इपॉक्सी मऊ पडतं, म्हणून मुठीकडचा भाग थोडा वेळ उकळत्या पाण्यात धरा आणि मग पातळ पटाशी फटीत घालून हळूहळू उचला.

इथे आगीची ज्योत वापरू नका. पात्याला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उष्णतेने उतरतं. कार्बन स्टीलची बरीच पाती कडक केल्यावर ठिसूळपणा कमी करण्यासाठी २०० अंश सेल्सियसच्या आसपास पुन्हा तापवून टेंपर केलेली असतात. त्याहून बरंच जास्त तापलं की पोलाद मऊ पडतं. पॉलिश केलेल्या पोलादावर निळा रंग चढला म्हणजे तापमान ३०० अंशांच्या जवळ गेलं. तो रंग धारेपर्यंत पोचला तर तिथलं पोलाद पुन्हा पूर्ववत होत नाही, सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते. उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून ते सुरक्षित.

पट्ट्या निघाल्यावर खालचं पोलाद बहुधा गंजलेलं असतं. जुनं इपॉक्सी खरवडा, गंज पॉलिश पेपरने काढा. बारीक काळे खड्डे राहिले तर राहू द्या, ते इपॉक्सीखाली जाणार आहेत. गंजाची सुटी पापडी मात्र एकही ठेवू नका. नवी पट्टी त्या पापडीला चिकटेल, आणि पापडी पोलाद सोडेल.

मूठ कशाची करावी?

शिकारीचा चाकू ओल्या हातात वापरला जातो. रक्त, चरबी, पाऊस, गारठलेली बोटं, कधी हातमोजे. दिवाणखान्यात टांगायच्या चाकूला जे लाकूड शोभेल ते इथे चालेलच असं नाही.

लाकूड घ्यायचं तर घट्ट, बारीक रेषांचं आणि पूर्ण मुरलेलं घ्या. शिसम, अक्रोड, बाभूळ, मेपल ही चांगली लाकडं आहेत. ओलं लाकूड वापरलं तर सुकताना आकसतं आणि पोलादाची कड मुठीच्या वर आल्याचं बोटाला जाणवू लागतं. पट्टीच्या लांबीला रेषा समांतर हव्यात. गाठ पिनेच्या भोकाजवळ येणार असेल तर तो तुकडा बाजूला ठेवा. शिसमासारख्या तेलकट लाकडांवर चिकटवण्याच्या अगदी आधी अॅसिटोनचा बोळा फिरवावा लागतो, नाहीतर पृष्ठभागावरचं तेल इपॉक्सीला धरू देत नाही. निर्वात दाबाखाली राळ मुरवलेलं ‘स्टॅबिलाइज्ड’ लाकूड मिळालं तर ते पाण्याने फारसं हलत नाही.

निव्वळ उपयोगाचा विचार केला तर माझी पहिली पसंती मायकार्टाला आहे. कापडाचे थर फिनॉलिक राळेत दाबून ती बनवतात. पाण्याने फुगत नाही, तडकत नाही, आणि कापडाची मायकार्टा फार गुळगुळीत न करता ठेवली तर ओल्या हातालाही धरून राहते. जी-१० म्हणजे काचेचे धागे आणि इपॉक्सी. तेही अतिशय टिकाऊ, पण त्याची धूळ फुप्फुसांना वाईट. खरं तर शिसम, शिंग, हाड, मायकार्टा, कुणाचीच धूळ निरुपद्रवी नाही. एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क लावल्याशिवाय घासायला बसू नका. मायकार्टा आणि जी-१० ओलं करून घासलं तर धूळ उडत नाही.

सांबराचं किंवा हरणाचं शिंग दिसायला देखणं असतं. पण अनेक देशांत त्याच्या खरेदी-विक्रीवर कायद्याने बंदी किंवा निर्बंध आहेत, त्यामुळे हातात घेण्यापूर्वी आपल्याकडचा नियम पाहा.

पट्टीची जाडी ८ ते १० मिलिमीटर असू द्या. दोन पट्ट्या आणि मधलं पोलाद धरून मूठ घासण्याआधी साधारण २० ते २५ मिलिमीटर जाड होते, आणि घासून कमी करायला पुरेसं लाकूड उरतं. पिना पितळेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्या, पोलादातल्या भोकांच्या मापाच्या.

सपाट करणं आणि भोकं पाडणं

पट्टीची आतली बाजू सपाट करायला जाड काच वापरा. काचेवर १२० नंबरचा पेपर टेपने ताणून बसवा आणि पट्टी त्यावर आठच्या आकड्यासारखी फिरवा. पुढे-मागे घासलं तर हात नकळत टोकांवर जोर देतो आणि कडा गोल होतात. आतल्या बाजूवर आधी पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारा. सगळ्या रेघा एकदमच पुसल्या गेल्या की बाजू सपाट झाली. पोलादाच्या दोन्ही बाजूही अशाच तपासा. मग पट्टी पोलादावर ठेवून खिडकीसमोर धरा. उजेडाची रेघ दिसली तर पुन्हा काचेवर. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे दिलेला अर्धा तास पुढची कित्येक वर्षं मुठीत पाणी शिरू देत नाही.

पट्ट्यांवर आतून ‘डावी’, ‘उजवी’ आणि पुढच्या टोकाचा बाण लिहून ठेवा. आता डावी पट्टी पोलादाला क्लॅम्प करा, खाली टाकाऊ लाकडाचा तुकडा ठेवा आणि पोलादातल्या भोकातून ड्रिल खाली उतरवा. पोलादाचं भोकच बिटाला वाट दाखवतं. पहिलं भोक झालं की त्यात पिन घाला आणि मगच दुसरं पाडा. पिनेमुळे पट्टी तसूभरही सरकत नाही. उजव्या पट्टीला हेच, दुसऱ्या बाजूने. ड्रिल उभ्या स्टँडवर असेल तर उत्तम. हातात असेल तर शेजारी गुण्या उभा करून बिट सरळ उतरतं आहे ना ते पाहा.

चाकू हातात धरून कधीही ड्रिल करू नका. बिट पोलादात अडकलं तर अख्खा चाकू बिटाभोवती गरकन फिरतो. क्लॅम्प लावलाच पाहिजे, दोन लावा.

पोलादात मुळात भोकंच नसतील किंवा नवी पाडायची असतील तर साधं एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचं) बिट कडक पोलादावर नुसतं घसरतं आणि बोथट होतं. तिथे कार्बाइडचं बिट लागतं. बऱ्याच चाकूंचा मुठीतला भाग पात्यापेक्षा मऊ ठेवलेला असतो, म्हणून आधी कोपऱ्यावर कानस फिरवून पाहा. कानस चावली तर साधं बिटही चालेल.

पिन भोकात बोटाच्या दाबाने जायला हवी. हातोडीने ठोकावी लागली तर लाकूड आज ना उद्या तडकेल.

पुढची कड आधीच पूर्ण करा

नवख्या माणसाकडून हमखास निसटणारी पायरी ही. पट्ट्यांची पात्याकडची कड एकदा चिकटवल्यावर नीट घासता येत नाही, कारण कानस किंवा पेपर पात्यावर ओरखडे काढतो. म्हणून दोन्ही पट्ट्या, मधलं पोलाद न घालता, पिनांनी एकमेकींना जोडा आणि ती कड एकदमच घडवा. अशाने दोन्ही बाजूंचा उतार तंतोतंत सारखा येतो. उतार तिरपा किंवा गोलसर ठेवा, काटकोनी कडेत चरबी आणि मळ साचतो. ४०० नंबरच्या पेपरपर्यंत घासून, पॉलिश करून ती कड पूर्ण तयार ठेवा, आणि मगच चिकटवण्याचा विचार करा.

चिकटवणं

पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी टाळा. पूर्ण घट्ट व्हायला २४ तास घेणारं हळू इपॉक्सी जास्त मजबूत जोड देतं आणि काम करायला उसंतही मिळते. पोलाद आणि पट्ट्यांच्या आतल्या बाजू ६० किंवा ८० नंबरच्या पेपरने खरखरीत करा. पिनांवरही आडवे ओरखडे काढा. पट्टीच्या अगदी कडा मात्र सपाटच राहू द्या, म्हणजे बाहेरून जोडाची रेघ बारीक दिसते. मग सगळं अॅसिटोनने पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटाने स्पर्श करू नका. बोटाचं तेल डोळ्यांना दिसत नाही, पण जोड बिघडवतं. इथून पुढे हातमोजे.

दोन्ही भाग डब्यावर दिलेल्या प्रमाणातच घ्या. ‘थोडं हार्डनर जास्त घातलं तर लवकर सुकेल’ हा समज चुकीचा आहे, त्याने मिश्रण कायमचं चिकट किंवा कमजोर राहतं. दोन मिनिटं सावकाश ढवळा, कडेचं आणि तळाचं मिश्रण मध्ये घेत. पोलाद, पट्ट्या, भोकं आणि पिना, सगळीकडे पातळ थर लावा. पट्टी बसवा, पिना घाला, दुसरी पट्टी बसवा आणि क्लॅम्प आवळा.

क्लॅम्प किती आवळायचा? चारही कडांनी इपॉक्सीची बारीक मण्यांसारखी रेघ बाहेर आली की थांबा. त्यापुढे आवळत गेलं की सगळं इपॉक्सी बाहेर निघतं आणि जोड कोरडा पडतो. पुढच्या कडेवर आलेलं इपॉक्सी लगेच, कापसाच्या काडीला किंचित अॅसिटोन लावून पुसा. काडी निथळती ओली नको, अॅसिटोन फटीत ओढला जातो. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा, कारण ते झिरपत राहतं. मिश्रणाचा उरलेला थोडा भाग तसाच जपून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच्यात नख रुतलं तर मुठीतलंही अजून कच्चं आहे असं समजा. थंडीत जास्त वेळ लागतो.

पिनांची टोकं ठोकून पसरवायची का? लाकडी मुठीला मी ते करत नाही. लाकूड फाटायचा धोका मोठा, आणि इपॉक्सी नीट लागलं असेल तर पिन फक्त आडवा ताण पेलते. पिना पट्टीच्या सपाटीपर्यंत घासल्या की झालं.

आकार देणं

आधी फक्त बाह्यरेषा. जादा लाकूड हॅकसॉने कापा आणि कानशीने पोलादाच्या कडेपर्यंत खाली या. पोलाद आणि लाकूड एका पातळीत आलं की बोट फिरवून पाहा, जोड जाणवता कामा नये. पितळी पिना घासताना झपाट्याने तापतात. त्या तापल्या की भोवतालचं लाकूड करपतं आणि आतलं इपॉक्सी सैल पडतं. बोटाला चटका बसायच्या आत थांबा, थंड होऊ द्या.

मग गोलाई. एकदम गोल करायला जाऊ नका. चारही कोपरे आधी तिरपे, सपाट कापा, म्हणजे छेद आठ बाजूंचा होतो. त्या तिरप्या पट्ट्या दोन्ही अंगांना सारख्या रुंदीच्या आहेत का हे डोळ्याला लगेच कळतं. सारख्या झाल्या की पुढचे कोपरे मोडत न्या. छेद अंडाकृतीच राहू द्या, पूर्ण गोल नको. अंडाकृती मूठ अंधारातही हाताला सांगते की धार कुठल्या बाजूला आहे. गोल मूठ तळव्यात फिरते.

बोटांसाठी चार खोल खाचा काढायचा मोह होतो. टाळा. त्या एकाच पकडीत बसतात, आणि कातडं सोलताना पकड सतत बदलत असते. तर्जनीपाशी एक उथळ खाच पुरते. पोटाकडून पुढे छोटा उंचवटा ठेवा, म्हणजे ओला हात पात्यावर घसरणार नाही. मागचं टोक किंचित रुंद ठेवा, म्हणजे ओढताना चाकू मुठीतून निसटत नाही. मध्ये तळव्यासाठी हलकी फुगवटी द्या. दर थोड्या वेळाने कानस खाली ठेवून मूठ हातात धरा, डोळे मिटून, हातमोजा घालून, उलट पकडून. जिथे टोचतं तिथे पेन्सिलीची खूण करा आणि तेवढंच घासा.

पेपर ८० नंबरपासून सुरू करून १२०, १८०, २४०, ३२० असे चढत जा. मधला नंबर गाळला तर जाड ओरखडे शेवटपर्यंत राहतात आणि तेल लावल्यावर उठून दिसतात. लाकडावर ओला फडका फिरवून वाळू द्या. तंतू वर उभे राहतील, ते शेवटच्या नंबरने पुन्हा घासा. शिकारीच्या चाकूसाठी ४०० च्या पुढे जाऊ नका. आरशासारखी मूठ चरबी लागलेल्या हातात थांबत नाही.

शेपटीच्या चाकूसाठी

इथे अखंड ठोकळा लागतो. शेपटीची लांबी ठोकळ्यावर आखा, तिच्या रुंदीत ओळीने दोन-तीन भोकं पाडा आणि मधलं लाकूड बारीक कानशीने काढून खाच करा. शेपटीवर मेणबत्तीची काजळी धरून ती आत घाला. बाहेर काढल्यावर जिथे काळं लागलंय तिथे अडतं आहे, तेवढंच काढा. ठोकळ्याचं तोंड गार्डवर (पातं आणि मूठ यांच्यामधल्या आडव्या तुकड्यावर) चपखल बसलं पाहिजे. चिकटवताना आधी खाचेत इपॉक्सी ओता, मग शेपूट सावकाश, जरा हलवत आत न्या, म्हणजे कोंडलेली हवा वर येते. कोरड्या खाचेत शेपूट घालून वरून इपॉक्सी ओतलं तर तळाशी पोकळी राहते आणि मूठ पुढे-मागे हलू लागते. ठोकळ्याला बाहेरून आकार देण्याची रीत वरचीच.

तेल

मायकार्टा आणि जी-१० ला तेलाची गरज नाही. लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल किंवा टंग तेल द्या. भरपूर लावा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या आणि वरचं सगळं पुसून टाका. न पुसलेलं तेल चिकट साय धरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चार-पाच थर झाले की वरून मेण घासा. खाद्यतेल वापरू नका, ते खवट होतं.

तेल पुसलेली फडकी चुरगळून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता बाहेर टाकतं, आणि चुरगळलेल्या फडक्यात ती कोंडून आपोआप आग लागू शकते. फडकी उघड्यावर, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता पात्यावरचा पुठ्ठा काढा आणि चाकू जुन्या म्यानात घालून पाहा. नवी मूठ जुनीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जरी जाड झाली असली तरी म्यानाचा पट्टा पुरत नाही किंवा चाकू अर्धाच आत जातो. चामड्याचं म्यान असेल तर ते कोमट पाण्यात भिजवा, चाकू तेल लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, म्यानात दाबून बसवा, बोटांनी मुठीभोवती आकार द्या आणि तसंच दोन दिवस सावलीत वाळू द्या. पूर्ण वाळेपर्यंत चाकू उघडा आत ठेवू नका. चामडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांनी पोलाद आणि पितळ दोन्ही डागाळतं. म्हणूनच महिनोन्‌महिने वापर नसेल तेव्हा चाकू म्यानाबाहेर, पात्याला तेलाचं बोट लावून, कोरड्या कपड्यात गुंडाळून ठेवा.